प्राण्यांसाठी मतदान करताना: नवख्या मतदारासाठी मार्गदर्शन

रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या कुत्र्याला कोणी उचलून दवाखान्यात नेले, तर त्याचा जीव वाचतो. पण त्या भागात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे की नाही, असल्यास तिथली डॉक्टरांची जागा भरलेली आहे की रिकामी, आणि कोणी मुद्दाम त्या कुत्र्याच्या अंगावर गाडी घातली असेल तर त्याला शिक्षा काय, हे सगळे निवडून आलेली माणसे ठरवतात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पिंजऱ्याचे माप, प्रयोगशाळेतल्या उंदरावर काय करता येईल याचे नियम आणि जंगलातून रस्ता काढायचा की नाही हा निर्णयही तिथेच होतो. प्राण्यांविषयी कळकळ आहे, पण निवडणुकीकडे या नजरेने कधी पाहिलेले नाही, अशा मतदाराने काय करावे हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

क्रमाला लागण्यापूर्वी एक मुद्दा स्पष्ट करायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मत गुप्त असते आणि ते गुप्तच असले पाहिजे. मात्र त्यामुळे आपल्याला मते का पडली हे निवडून आलेल्या माणसाला मतपेटीतून कळत नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे कारणे लावतो: रस्ता केला म्हणून, पाणी आणले म्हणून, पक्षाची लाट होती म्हणून. प्राण्यांचा विचार करून, पण कोणालाही न सांगता दिलेले मत मोजले जाते, मात्र ते प्राण्यांच्या खाती जमा होत नाही. मत कोणाला दिले हे सांगण्याची गरज कधीच नसते. ते कोणत्या प्रश्नावर देणार आहोत हे मात्र मतदानापूर्वी एकदा आणि निकालानंतर एकदा सांगावे लागते.

यादीत नाव

पहिली पायरी रुक्ष आहे, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. मतदार यादीत आपले नाव आहे का, ते सध्याच्या पत्त्यावर आहे का आणि स्पेलिंग ओळखपत्राशी जुळते का, हे निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता तपासावे. नाव नोंदवण्याची मुदत बहुतेक ठिकाणी मतदानाच्या बरीच आधी संपते, आणि घर बदललेल्यांची नावे जुन्याच भागात राहतात. मुक्या जिवांसाठी रात्री-अपरात्री धावणारी, पण तीन-तीन निवडणुका यादीत नावच नसलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या धावपळीला मी नावे ठेवत नाही; फक्त उमेदवाराच्या हिशेबात ती धरली जात नाहीत, एवढेच.

कोणता निर्णय कोणाच्या हातात

दुसरी पायरी म्हणजे एक विषय निवडणे आणि त्याचा निर्णय कोणत्या पातळीवर होतो हे शोधणे. नवखा मतदार इथेच सर्वाधिक चुकतो. त्याला सगळ्याच प्राण्यांची काळजी असते, म्हणून तो स्थानिक निवडणुकीतल्या उमेदवाराला प्रयोगशाळांविषयी विचारतो आणि संसदेच्या उमेदवाराला गल्लीतल्या मांजरांविषयी. दोघेही मनापासून मान डोलावतात, कारण ज्या कामाचा अधिकारच आपल्याकडे नाही त्याचे आश्वासन द्यायला काही लागत नाही.

भारताचे उदाहरण घेतले तर ही विभागणी स्पष्ट दिसते. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्याला प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा संसदेने केलेला आहे, आणि त्यात नमूद केलेल्या क्रूरतेच्या बहुतेक कृत्यांना पहिल्या गुन्ह्यासाठी आजही 10 ते 50 रुपये एवढाच दंड आहे. ही रक्कम वाढवणे कोणत्याही नगरपालिकेच्या हातात नाही. याउलट, मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करण्याची जबाबदारी 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे, आणि तिथल्या अंदाजपत्रकात त्यासाठी पैसे ठेवायचे की नाहीत हे स्थानिक सभागृह ठरवते. अमेरिकेत अनेक ठिकाणी सरकारी वकील आणि शेरिफ, म्हणजे स्थानिक पोलीस प्रमुखही, निवडून येतात, आणि क्रूरतेची तक्रार न्यायालयापर्यंत न्यायची की फायलीत ठेवायची हे त्यांच्या मर्जीवर बरेच अवलंबून असते. देश कोणताही असो, साधारण विभागणी अशी दिसते की प्रयोग, आयात-निर्यात आणि मोठ्या पशुपालन उद्योगाचे नियम वरच्या पातळीवर ठरतात. वन्यजीव आणि पशुवैद्यकीय सेवा बऱ्याचदा मधल्या पातळीवर असतात. आणि निवारा, कोंडवाडा, निर्बीजीकरण, परवाने ही कामे खालच्या पातळीवर येतात. अपवाद पुष्कळ आहेत, म्हणून आपल्या विषयापुरते नीट शोधून घ्यावे.

माझे मत विचाराल तर सुरुवात सर्वांत लहान निवडणुकीपासून करावी. तिथे मतदान कमी होते, जय-पराजयातले अंतर अनेकदा दोन-तीन आकडी असते, आणि उमेदवार स्वतः दारात येतो. राष्ट्रीय निवडणुकीत लाखभर लोकांनी मांडला तरी दबून जाणारा प्रश्न इथे पंचवीस घरांनी मिळून विचारला तर उमेदवार तो टिपून घेतो.

प्रश्न कसा विचारावा

एकदा मी एका उमेदवाराला भाबडेपणाने विचारले होते की प्राण्यांविषयी आपली भूमिका काय. त्यांनी घरच्या लॅब्राडोरच्या खोड्या दहा मिनिटे रंगवून सांगितल्या, आजूबाजूचे हसले, आणि मीही प्रसन्न मनाने परतलो. घरी आल्यावर लक्षात आले की आपण रिकाम्या हाताने आलो आहोत. चूक त्यांची नव्हती. मी आवड विचारली होती, त्यांनी आवड सांगितली.

प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येईल, ते काम त्या पदाच्या अधिकारात बसेल आणि पुढे ते झाले की नाही हे तपासता येईल. उदाहरणार्थ: ‘यंदा निर्बीजीकरणासाठी ठेवलेल्या रकमेपैकी किती खर्च झाली याची माहिती आपण घेतली आहे का, आणि निवडून आल्यास पुढच्या अंदाजपत्रकात ही तरतूद वाढवण्याच्या बाजूने आपण मत द्याल का?’ या प्रश्नाच्या पहिल्या भागातून उमेदवाराची तयारी कळते आणि दुसऱ्या भागातून शब्द मिळतो. ‘भटक्या प्राण्यांची समस्या कशी सोडवाल?’ या प्रश्नातून मात्र केवळ भाषण मिळते.

हा प्रश्न लेखी पाठवावा, आणि सर्व उमेदवारांना शब्दशः तोच पाठवावा. पत्र चार-पाच ओळींचे पुरे: मी या मतदारसंघातील मतदार आहे, हा माझा एकच प्रश्न आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर मिळावे, आणि आलेली सर्व उत्तरे मी माझ्या ओळखीच्या मतदारांना जशीच्या तशी दाखवणार आहे. शेवटच्या वाक्यात धमकी नाही, पण पत्राचे वजन त्यातच आहे, कारण त्यामुळे एका मताचे उत्तर अनेक मतांपुढे जाणार हे उमेदवाराला कळते. पत्राला जखमी प्राण्यांची छायाचित्रे जोडू नयेत. ती पाहून लोक हळहळतात आणि पान उलटतात. उत्तर आले नाही तर तेवढीच नोंद करावी. अपक्ष किंवा लहान उमेदवाराकडे पत्रे हाताळायला माणूस नसतो, त्यामुळे मौनाचा अर्थ लगेच विरोध असा लावू नये. एकदा आठवण करून द्यावी.

जाहीरनामा वाचताना

जाहीरनाम्यात नामांपेक्षा क्रियापदे पाहावीत. ‘कटिबद्ध आहोत’, ‘प्रयत्नशील राहू’, ‘सर्वंकष धोरण आखू’ ही वाक्ये पाच वर्षांनंतरही खोटी ठरत नाहीत, म्हणूनच ती लिहिली जातात. ‘बंद करू’, ‘वगळू’, ‘अमुक वर्षापर्यंत एवढी केंद्रे उघडू’ असे लिहिणारा पक्ष निदान पकडला जाण्याची जोखीम तरी घेतो.

ब्रिटनमधला एक प्रसंग या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. शिकारी कुत्र्यांचा ताफा घेऊन केल्या जाणाऱ्या कोल्ह्यांच्या शिकारीवर बंदी आणण्याची मागणी तिथे जुनी होती. 1997 च्या निवडणुकीत मजूर पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात बंदीचे वचन दिले नव्हते; बंदी घालावी का, यावर संसदेत पक्षादेशाविना मतदान होऊ देण्याचे वचन दिले होते. पक्ष मोठ्या बहुमताने निवडून आला, तरी कायदा व्हायला 2004 साल उजाडले. वरिष्ठ सभागृहाचा विरोध शेवटपर्यंत होता आणि तो डावलण्यासाठी क्वचितच वापरली जाणारी घटनात्मक तरतूद वापरावी लागली. प्रत्यक्ष बंदी फेब्रुवारी 2005 मध्ये लागू झाली. वचन पाळले गेले असे म्हणता येते, आणि सात वर्षे लागली असेही म्हणता येते. ज्या मतदाराने त्या वाक्यातला ‘मतदान’ हा शब्द ‘बंदी’ असा वाचला होता, त्याला ती सात वर्षे फसवणुकीची वाटली असणार.

पूर्वी निवडून आलेल्या उमेदवाराच्या बाबतीत जाहीरनाम्याहून जुन्या नोंदी अधिक बोलतात: सभागृहात त्याने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, कोणते प्रश्न विचारले, अंदाजपत्रकाच्या दिवशी तो हजर होता का. वासराला चारा घालतानाचे छायाचित्र ही नोंद नव्हे.

मतपद्धतीचा हिशेब

प्राण्यांसाठीच काढलेला पक्ष निवडणुकीत असेल तर त्यालाच मत द्यावे का, या प्रश्नाचे उत्तर भावनेपेक्षा मतपद्धतीवर अधिक अवलंबून आहे. नेदरलँड्समध्ये 2002 साली स्थापन झालेल्या ‘प्राण्यांसाठी पक्ष’ या नावाच्या पक्षाने 2006 च्या निवडणुकीत सुमारे 1.8 टक्के मते मिळवून 150 पैकी 2 जागा जिंकल्या, आणि राष्ट्रीय संसदेत पोहोचलेला अशा प्रकारचा तो जगातला पहिला पक्ष ठरला. तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात आणि एका जागेपुरती मते मिळाली की संसदेचे दार उघडते, म्हणून हे शक्य झाले. जिथे मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकटाच निवडून येतो, तिथे देशभर विखुरलेल्या एवढ्याच मतांना एकही जागा मिळाली नसती. अशा ठिकाणी निवडून येण्याची शक्यता असलेल्या दोघा-तिघांकडून एकाच मुद्द्यावर लेखी होकार मिळवणे हे लहान पक्षाला मत देण्यापेक्षा बहुधा जास्त उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी पसंतीक्रम द्यायचा असतो. तिथे पहिली पसंती लहान पक्षाला देऊन दुसरी मोठ्याला देता येते आणि मत वाया जात नाही.

आता अवघड भाग. प्राण्यांच्या बाबतीत चांगला असलेला उमेदवार इतर बाबतीत आपल्याला मुळीच पटत नसेल तर काय करावे? नवख्या मतदाराने सुरुवातीला प्राण्यांचा प्रश्न तराजूतल्या शेवटच्या वजनासारखा वापरावा असे मला वाटते. म्हणजे दोन उमेदवार बाकी सर्व बाबतीत जवळपास सारखे वाटले तर या प्रश्नावर निवड करावी. हे ऐकायला अर्धवट वाटते. पण अटीतटीच्या लढतीत उमेदवार नेमक्या अशाच कुंपणावरच्या मतदाराला शोधत असतो, आणि ‘मी अजून ठरवलेले नाही, या उत्तरावर ठरवीन’ हे वाक्य खरे असेल तेव्हाच त्याला किंमत असते.

थेट प्रश्नावर मतदान असेल तेव्हा

काही देशांत आणि राज्यांत नागरिक सह्या गोळा करून एखादा प्रस्ताव थेट मतदानाला ठेवू शकतात. तिथे उमेदवाराचा मध्यस्थ नसतो, म्हणून मतदाराने प्रस्तावाचा मजकूर स्वतः वाचणे अनिवार्य ठरते. हे किती महत्त्वाचे आहे ते कॅलिफोर्नियात दिसले. तिथे 2008 साली सुमारे 63 टक्के मतदारांनी ‘प्रस्ताव 2’ मंजूर केला. कोंबड्या, गाभण डुकरिणी आणि मांसासाठी वाढवलेली वासरे यांना आडवे होता आले पाहिजे, उभे राहता आले पाहिजे, हातपाय किंवा पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत आणि मोकळेपणाने वळता आले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. वाक्य इतके साधे की विरोध करणे कठीण. पण त्यात माप नव्हते. किती जागा म्हणजे पंख पसरण्याइतकी जागा, आणि मोठा पिंजरा चालतो की पिंजराच नको, यावर पुढची कित्येक वर्षे वाद चालला.

दहा वर्षांनी, 2018 मध्ये, त्याच मतदारांपुढे ‘प्रस्ताव 12’ आला आणि यावेळी त्यात आकडे होते: वासराला 43 चौरस फूट, प्रजननासाठी ठेवलेल्या डुकरिणीला 24 चौरस फूट, कोंबडीला आधी 1 चौरस फूट आणि नंतर पिंजराविरहित व्यवस्था. शिवाय हे नियम पाळून तयार न झालेला माल राज्यात विकण्यासही मनाई होती, त्यामुळे बाहेरच्या राज्यांतल्या उत्पादकांनाही ते लागू पडले. पुन्हा सुमारे 63 टक्के मते मिळाली. वराहपालन उद्योगाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, आणि मे 2023 मध्ये न्यायालयाने कायदा टिकवला. गंमत अशी की काही प्राणीहितवादी गटांनीही या प्रस्तावाला विरोध केला होता, कारण कोंबडीला काही काळ का होईना, 1 चौरस फूट पुरेसे आहे असे कायद्यात लिहिणे त्यांना मान्य नव्हते. मला स्वतःला मोजपट्टी लावता येईल असा अपुरा नियम मोजता न येणाऱ्या उदात्त वाक्यापेक्षा बरा वाटतो. पण हा मतभेद खरा आहे आणि मतदाराने दोन्ही बाजू ऐकाव्यात.

मंजुरीसाठी किती मते लागतात हेही आधी पाहावे. अमेरिकेतल्याच फ्लोरिडा राज्यात तिथल्या राज्याच्या घटनेत दुरुस्ती करायला निम्मी मते पुरत नाहीत, 60 टक्के लागतात. तिथे 2018 साली ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती बंद करणाऱ्या दुरुस्तीला सुमारे 69 टक्के मते पडली. उलट, कोलोराडो राज्यात 2020 साली लांडगे पुन्हा आणून सोडण्याचा प्रस्ताव जेमतेम 51 टक्क्यांवर मंजूर झाला, आणि डिसेंबर 2023 मध्ये लांडगे प्रत्यक्ष सोडले गेले. अशा ठिकाणी दोन-चार टक्के मतदार घरी बसले असते तर निकाल फिरला असता.

हार कशी होते हे पाहायचे असेल तर स्वित्झर्लंडकडे पाहावे. प्राण्यांना दाटीने कोंडून ठेवणारे कारखानदारी पशुपालन बंद करण्याचा प्रस्ताव सप्टेंबर 2022 मध्ये तिथे जवळपास 63 टक्के मतांनी फेटाळला गेला, तेही त्यात बदलासाठी 25 वर्षांची मुदत दिलेली असताना. प्राण्यांवर दया नसलेले लोक जास्त होते असे मी म्हणणार नाही. महागाई आणि शेतकऱ्यांचे नुकसान ही विरोधकांची उत्तरे घराघरात पोहोचली. प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्याने खर्चाचे उत्तर तयार ठेवले नाही, तर दयेचा युक्तिवाद एकटा पुरा पडत नाही.

त्याच देशातला आणखी एक प्रसंग सावध करणारा आहे. 1893 साली तिथे मंजूर झालेला पहिलाच नागरिकांचा प्रस्ताव प्राण्यांना बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी घालणारा होता. भाषा प्राणीदयेची होती, पण ज्यूंविषयीचा द्वेषही त्या प्रचारामागे होता. म्हणून एखाद्या प्रस्तावाला किंवा घोषणेला प्राण्यांचे नाव दिसले की एक साधी तपासणी करावी: हा नियम सारखाच त्रास देणाऱ्या सगळ्यांना सारखा लागू होतो, की एखाद्याच समाजाला टिपून काढतो? दुसरे उत्तर आले तर प्राण्यांचा त्यात फारसा संबंध नाही असे समजावे.

मतदानाचा दिवस आणि त्यानंतर

त्या दिवशी ओळखपत्र घेऊन लवकर जावे, केंद्राच्या आवारात प्रचार करू नये आणि मतपत्रिकेचे छायाचित्र काढू नये. अनेक ठिकाणी तो गुन्हा आहे. याहून जास्त सांगण्यासारखे त्या दिवसात काही नाही.

निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत जिंकलेल्या उमेदवाराला दुसरे पत्र पाठवावे. त्यात अभिनंदन, त्याने दिलेले लेखी उत्तर आणि ते काम कधी होणार हा प्रश्न, एवढेच असावे. हरलेल्यांपैकी ज्याने चांगले उत्तर दिले होते त्यालाही दोन ओळी लिहाव्यात. तो पुढच्या वेळी पुन्हा उभा राहणार असतो.

दुसरे पत्र का आवश्यक आहे, हे युरोपीय संघात दिसून आले. शेतीतल्या प्राण्यांसाठी पिंजरे बंद करावेत या मागणीवर तिथे सुमारे 14 लाख नागरिकांच्या सह्या जमल्या, आणि जून 2021 मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, 2023 संपण्यापूर्वी कायद्याचा प्रस्ताव आणण्याचे जाहीर वचन दिले. 2023 संपले, पण प्रस्ताव आला नाही. 14 लाख सह्यांनाही आठवण करून द्यावी लागते, तर आपल्या एका पत्राला तर लागणारच.

यासाठी एक साधी वही पुरते. डावीकडे उमेदवाराचे नाव आणि पद, मध्ये विचारलेला प्रश्न आणि आलेले उत्तर तारखेसकट, आणि उजवीकडे कोरी जागा. दर वर्षी अंदाजपत्रक मंजूर झाले की त्या कोऱ्या जागेत एक ओळ लिहावी: तरतूद किती, खर्च किती, आणि मत कोणत्या बाजूने. पुढच्या निवडणुकीला तोच माणूस दारात आला की नवा प्रश्न शोधावा लागत नाही. वहीचे ते पान त्याच्यासमोर उघडून उजवीकडच्या ओळींविषयी विचारता येते.